अक्काची बरसाती

आषाढी पौर्णिमेनंतरचा रविवार. अप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात पंच्याहत्तर रुपये. हजर तिघं: अप्पा, म्हणजे आमचे वडील; माझी थोरली बहीण सुमन, जिला मी अक्का म्हणत असे; आणि मी. काम एकच होतं, अक्कासाठी परभणीहून बरसाती आणायची. रेनकोट हा शब्द आमच्या घरात फक्त अक्का वापरायची. अप्पा शिवणकाम गंगाखेडच्या एका मुसलमान उस्तादांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळं त्यांच्या तोंडी बरसाती, आस्तीन, अस्तर असेच शब्द असत, आणि आम्हीही तेच उचलले होते.

सोनपेठला बौद्ध वस्तीत आमचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात अप्पांची मशीन, मागच्या खणात मायची चूल. आमच्या घरात शांतता अशी नसायचीच. पहाटे मायच्या भाकरीची थापथूप, ती संपते न संपते तोच मशीनचं पायडल, आणि पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी विहारातलं वाचन. वर्षावासात रोज कुणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी पद्धत होती. मशीन थांबली की ते वाचन नीट ऐकू यायचं, म्हणून माय अप्पांना म्हणायची, ‘‘जरा पाय थांबवा, बाबासाहेबांचं वाचायलेत.’’ अप्पा पाय थांबवायचे आणि हातशिलाई घ्यायचे. हात रिकामा ठेवणं त्यांना जमत नव्हतं. दहावीनंतर मी त्यांच्याजवळ काज-बटणं आणि तुरपाई करत असे, आणि कुणाचं किती कापड आलं, किती लागलं, किती उरलं हे तोंडी लक्षात ठेवत असे. उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत जायची. संध्याकाळचं जेवण ठरलेलं असायचं: ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आणि अंबाडी निघाली की अंबाडीची भाजी. ती भाजी मी आजही करते. माझ्या सुनेला तिचा आंबटपणा सोसत नाही.

अक्का डी.एड. झाली होती. आमच्या वस्तीतली ती पहिली. तिला एका गावात शिक्षिकेची तात्पुरती ऑर्डर मिळाली होती, दिवाळीपर्यंतची. काम बरं दिसलं तर पुढं वाढवू, असं तोंडी सांगितलं होतं. एस.टी. त्या गावाच्या फाट्यापर्यंतच जायची. फाट्यापासून आत तीन मैल काळ्या रानातून गाडीवाट होती, आणि काळ्या रानाला पाणी लागलं की चपला हातात घ्याव्या लागतात. एका हातात चपला, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातानं निऱ्या उचललेल्या. छत्री धरायला तिसरा हात लागला असता, आणि त्या उघड्या माळावर वाऱ्यानं ती दोनदा उलटी करून दाखवली होती.

भिजण्याचं काय एवढं, असं आज वाचणाऱ्याला वाटेल. शाळा गावच्या चावडीत भरायची. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, आणि समोर पारावर माणसं बसलेली. बावीस वर्षांची बाई अंगाला चिकटलेलं पातळ घेऊन त्या उघड्या बाजूकडं तोंड करून दिवसभर उभी राहणार, हा प्रश्न होता. पिशवीत कोरडं पातळ ती न्यायची, पण ते बदलायचं कुठं? पहिल्या पावसात तिनं चावडीसमोरच्या घरी विचारून पाहिलं. त्या घरची बाई स्वभावानं वाईट नव्हती. म्हणाली, ‘‘बाई, राग मानू नका. माझ्या सासूला चालायचं न्हाई. वसरीवर बसा की, च्या टाकते.’’ हे अक्कानं आम्हांला घरी हसत सांगितलं. म्हणाली, ‘‘वसरीला चौथी भिंत असती तर मी च्या पन पिले असते.’’ आमच्या लोकांची घरं त्या गावात ओढ्यापलीकडं होती, आणि ज्या दिवशी बदलायची गरज पडायची त्या दिवशी ओढ्याला पाणी असायचं. नामांतराच्या ठरावाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. दंगलीची धग आमच्या वस्तीला लागली नव्हती, पण काही गावांची नावं घेताना माय अजून आवाज खाली करायची. अक्काचं गाव त्यांतलं नव्हतं. तरी बाई म्हणून आणि आमची म्हणून, तिच्याकडं बघणारे डोळे जरा जास्तच होते.

घरात या गोष्टीचं खरं नाव कुणी घेतलं नाही. माय म्हणायची, ‘‘पोरीला सर्दी व्हईल.’’ अप्पा म्हणायचे, ‘‘हां, छातीत गारवा बसतो.’’ अक्काला उभ्या जन्मात सर्दी झाली नव्हती. तिला कोरडं पोचायचं आहे, नाहीतर नोकरी टिकत नाही, एवढं आम्ही चौघंही जाणून होतो आणि सर्दीबद्दल बोलत होतो.

गंगाखेडला अप्पा आधीच एकदा जाऊन आले होते. तिथं फक्त शाळकरी पोरांचे रेनकोट होते. म्हणून त्या रविवारी आम्ही एस.टी.नं गंगाखेड आणि तिथून रेल्वेनं परभणी गाठली. पहिल्या दुकानात पातळ दुधी प्लॅस्टिकचा होता, अठरा रुपये. खताच्या पोत्याच्या आत जो पातळ कागद निघतो तोच, फक्त बाह्या लावलेला. तो कागद खुरपणाच्या बाया फुकट पांघरतात. अप्पांनी काखेत दोन बोटं घालून जरा ताणलं आणि दुकानदाराला विचारलं, ‘‘हे गिऱ्हाइकानं फाडायचं का तुमीच फाडून देता?’’ दुसऱ्या दुकानात काळ्या रबरी कापडाचा होता, आतून सुती, एकशेचाळीस रुपये. तो चांगला होता हे न विचारताही कळत होतं. अप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला, किंमत ऐकली, आणि म्हणाले, ‘‘लय जड हाय, पोरीला पेलायचा न्हाई.’’ खिशात पंच्याहत्तर होते, हे आम्हांला तिघांनाही ठाऊक होतं.

तिसरं दुकान छत्र्या, टॉर्च आणि पत्र्याच्या पेट्यांचं होतं. दुकानदार चाचा म्हातारे, उर्दू बोलणारे. त्यांच्याकडं जाड प्लॅस्टिकचा, राखी रंगाचा रेनकोट होता, पासष्ट रुपये. पुरुषाचा.

‘‘बाईमाणसाचा न्हाई का?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘लेडीज का माल इधर आताच नै, भाई,’’ चाचा म्हणाले. ‘‘मंगाऊं तो बेचूं किसकू? बाई लोगां छत्री लेतीं.’’

अक्कानं तो दुकानातच पातळावरून घालून पाहिला. खांद्यात ढिला, बाह्या बोटांच्या खाली, आणि खाली इतका अरुंद की पाऊल टाकलं की पुढची टिचबटणं पटापट सुटायची. पायरीवर उभा असलेला एक रिकामा माणूस म्हणाला, ‘‘आरं, जमादार आले की! चलान फाडतेत का?’’ त्याच्या बरोबरचे हसले. अक्काचं तोंड लाल झालं, पण तिनं कोट काढला नाही. बटणं पुन्हा लावली आणि म्हणाली, ‘‘अप्पा, चालंल मला हा. खाली जरा उघडं राहील, राहू द्या. वरून तर कोरडी राहीन.’’

अप्पांनी तेवढ्यात तिच्या अंगावरच्या कोटाच्या बाहीची कड उलटवून बघितली होती. जोडावरून बोट फिरवत ते काखेपर्यंत गेले, तिथून खाली कमरेपर्यंत आले. मग दुसऱ्या बाहीवर तेच केलं.

‘‘याला शिलाईच न्हाई,’’ ते म्हणाले.

‘‘मशीन से दबाते उसकू,’’ चाचा म्हणाले. ‘‘गरम करके. पक्का रहता.’’

‘‘चिकटवलंय म्हना की सरळ. लिफाफा चिकटवावा तसं.’’ अप्पांचा आवाज चढला. ‘‘पासष्ट रुपये घेता आन् एक टीप न्हाई? चार दिसांत उकलंल. पोरगी माळावर असताना उकललं तर?’’

‘‘अजी भाई, नै उकलता!’’

‘‘मी शिंपी हाय,’’ अप्पा म्हणाले. चाचांनी दोन्ही हात वर करून खाली सोडले. अक्कानं कोट काढून घडी केली. घडी नीट होईना, कारण ते प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा उघडत होतं. ती बराच वेळ ते दाबत राहिली.

आज दुकानात गेले की मी पहिल्यांदा रेनकोट उलटा करते. आत शिवणीवरून एक पट्टी गरम करून दाबलेली असते, ती बोटाला लागते का बघते. माझा मुलगा म्हणतो, आई, मोबाईलवर फोटो बघून मागवू या. मी म्हणते, फोटोत उलटी बाजू दिसत नाही. तेव्हा मात्र अप्पांचं बोलणं मला शंभर टक्के पटलं होतं. ज्या घरात टीप म्हणजे भाकरी होती, त्या घरात बिनटिपेचा कपडा फसवणूकच वाटणार. अक्काला पटलं होतं का, हे मी विचारलं नाही. ती शिक्षिका असली तरी मापाच्या, कापडाच्या गोष्टीत अप्पांच्या पुढं बोलायची आमच्यात रीत नव्हती.

परत येताना अप्पांनी दोरखंड-ताडपत्रीच्या दुकानातून मेणकापडाचे तीन हातभर तुकडे नमुन्याला घेतले. एक पातळ दुधी, एक मागं कापड लावलेलं रेक्झिनसारखं, आणि एक जाड निळं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या मागच्या खणात जी परीक्षा झाली ती वस्तीत बरेच दिवस सांगितली जात होती. कल्पना माझी. तीन डबे घेतले, प्रत्येकाच्या तळाला कोरडं ज्वारीचं पीठ पसरलं, तोंडावर एकेक तुकडा मधे खोलगा ठेवून सुतळीनं बांधला आणि त्या खोलग्यात पाणी ओतलं. सकाळी ठेवलेले डबे संध्याकाळी सोडले. दुधी कागद सुतळीच्या गाठीशी फाटला होता. रेक्झिननं वरून पाणी सोडलं नव्हतं, पण मागच्या कापडाचे दोरे कडेनं पाणी प्यायले होते आणि पिठाला कडेनं ओल होती. निळ्याच्या डब्यातलं पीठ मी चिमटीत धरलं, ते झुरझुर खाली पडलं.

‘‘झालं का समाधान?’’ माय म्हणाली. ‘‘आता त्या पिठाच्या भाकरी करू का तेची बी बरसाती शिवता?’’

अप्पा हसले. त्या पावसाळ्यातलं त्यांचं हसणं मला एवढंच आठवतं. बुधवारी ते एकटेच जाऊन निळं मेणकापड घेऊन आले, नऊ रुपये मीटरनं चार मीटर.

आम्ही कापड तपासलं, शिलाई तपासली नाही. शिलाई तपासायची असते हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण शिलाई अप्पांची होती.

त्यांनी ती बरसाती जशी शिवली तशी कुठल्या नवरदेवाचा कोटही शिवला नसेल. मेणकापड मशीनच्या पायाखाली चिकटायचं, पुढं सरकायचं नाही. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खाली घेतल्या, कागदासकट टीप मारायची आणि नंतर मी चिमट्यानं कागदाचे कपटे काढायचे. पातळावरून घालायची म्हणून खाली घेर हवा, तर त्यांनी सहा कळ्या कापल्या. कळ्यांमुळं चालताना पाय अडकणार नाही. पुढं एकावर एक चढणारे दोन पदर, म्हणजे वाऱ्यानं उघडायला नको. डोक्याला टोपी, टोपीला नाडी, खिशांना झाकणं. टाका बारीक ठेवला, अगदी शर्टाच्या कॉलरला ठेवतात तेवढा बारीक, आणि प्रत्येक जोडाला दुहेरी टीप. ‘‘आपली हाय म्हनून एक टीप कमी, आसं व्हायचं न्हाई,’’ असं ते मशीन चालवताना स्वतःशीच म्हणाले.

अक्कानं ती घातली तेव्हा शेजारच्या राधाबाई दारात उभ्या होत्या. ‘‘सुमे, कलेक्टरीणबाईकडं बी नसंल गं असली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जरा फिर की.’’ अक्का फिरली, घेर फिरला. खरंच छान दिसत होती. अप्पांनी गुडघ्यावर बसून खालची कड सगळीकडून जमिनीपासून सारखी आहे का ते टेपनं मोजलं.

पहिले काही दिवस भुरभुर पाऊस होता आणि बरसाती उत्तम चालली. मग झड लागली. आमच्याकडं झड म्हणजे सूर्य नाही, थांबणं नाही, रात्रंदिवस एका लयीत पाऊस. भिंतीला ओल, गोवऱ्या पेटत नाहीत, सरपणाचा धूर घरभर. त्या झडीच्या दुसऱ्या दिवशी अक्का संध्याकाळी आली, बरसाती खुंटीला टांगली आणि माझ्याकडं पाठ करून चुलीशी बसली. तिच्या पोलक्यावर ओल्या रेघा होत्या. मानेपासून खांद्यापर्यंत एक, दोन्ही काखांभोवती गोल, आणि पाठीच्या मधोमध खाली कमरेपर्यंत. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंनी ओल पसरत गेली होती. अप्पांनी जिथं जिथं टीप मारली होती, ती सगळी तिच्या अंगावर उमटली होती. पोलकं असं, तर खाली सहा कळ्यांच्या जोडांनी पातळाचं काय झालं असेल ते मी बघितलं नाही, ती चुलीजवळ सरकली होती.

‘‘अक्का, गळायलीय ती,’’ मी हळूच म्हणाले.

‘‘मला ठाऊक हाय.’’

‘‘शाळेत काय केलंस?’’

‘‘टेबलामागं बसून शिकवलं. फळ्याकडं गेलेच न्हाई. गुर्जी दिसभर भिंतीकडं बघून बोलत होते माझ्याशी.’’ गुरुजी म्हणजे शाळेतले दुसरे शिक्षक, निवृत्तीला आलेले. ‘‘भला मानूस हाय. पन पारावरले भिंतीकडं बघत न्हाईत ना.’’

‘‘अप्पांला सांगते मी.’’

‘‘सांगू नको.’’

‘‘का गं?’’

‘‘सांगून ते काय करतेल?’’ ती म्हणाली.

मी माझ्या परीनं केलं. मेणबत्ती घेऊन सगळ्या टिपांवर उलट्या बाजूनं घासली. सकाळी घडी उलगडली तेव्हा मेणाचे तुकडे पडले. सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन आणून एका काखेला लावलं, तर तिथलं प्लॅस्टिक सुरकुतून गोळा झालं. ते मी ओढून सरळ करत होते तेव्हा अप्पा मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून बरसाती घेतली, दारातल्या उजेडाकडं धरली. टिपेच्या प्रत्येक भोकातून उजेड येत होता, ओळीनं, बारीक टाक्याला शोभेल इतका जवळजवळ. अप्पांनी ते पाहिलं. चाचांच्या दुकानात जसं बोट फिरवलं होतं तसं पूर्ण शिवणीवरून बोट फिरवलं, आणि मशीनवर बसले.

त्यांनी त्याच मेणकापडाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक जोडावर एकेक पट्टी ठेवली आणि तिच्यावरून तिसरी टीप मारली. भोकं झाकायची होती, आणि त्यांना झाकण्याची रीत एकच येत होती. मी समोर बसून कागदाचे कपटे काढत होते. टाक्यागणिक नवं भोक पडतंय, हे मला दिसत होतं. अक्कालाही दिसत होतं. माय मात्र म्हणाली, ‘‘आता कसं मजबूत झालं.’’

दुसऱ्या सकाळी फाट्यावर उतरून निम्मी वाट जाईपर्यंत ती बरसाती टिकली. मग माळावर वारा घुसला आणि पाठीचा जोड वरून खालपर्यंत उघडला. उसवला नाही, टिपेच्या रेषेवर फाटला, पोस्टाचं तिकीट तिकिटापासून सुटावं तसा. मग एक बाही तिच्या हातात आली. गावाच्या शिवेवर एक लिंब होता, त्याच्याखाली ती किती वेळ उभी होती ते तिनं कधी सांगितलं नाही. तिथून ती परत फिरली. झड उतरेपर्यंत ती शाळेत गेली नाही. निघायची, फाट्यापर्यंत जायची, पावसाकडं बघायची आणि पुढच्या एस.टी.नं परत यायची. घरात शिरताना म्हणायची, ‘‘आज बी न्हाई.’’ गुरुजींनी काही दिवस तिचा खाडा मांडलाच नाही. मग गावातनंच वर तक्रार गेली, की बाई पावसाचं निमित्त सांगते, बाई नको, मास्तर द्या. गुरुजींनी निरोप पाठवला, ‘‘आता माझ्या हातात राहिलं न्हाई.’’

आता सांगायला हरकत नाही, अप्पा चाचांच्या दुकानाकडं पुन्हा निघाले होते. पहिल्या खेपेला गंगाखेडच्या पुढं जाता आलं नाही, नामांतरावरून बंद होता. कुणाच्या बाजूनं होता ते अप्पांनी विचारलं नाही. आम्ही नामांतराच्या बाजूचे, पण दुकान दोन्ही बाजूंच्या बंदला बंदच असतं. दुसऱ्या खेपेला ते परभणीला पोचले. चाचांनी त्यांना ओळखलं, बसायला स्टूल दिलं.

‘‘खतम हो गया, भाई. मोसम का माल है. अब अगले मिरग कू आना.’’

‘‘तो राखी? पोरीनं घालून बघितला होता तो?’’

‘‘वो तो उसीच हफ्ते गया.’’

चाचा वाईट काही बोलले नाहीत, हे अप्पांनी मुद्दाम सांगितलं. म्हणाले, बोलले असते तर बरं झालं असतं. मग ते नांदेडला जातो म्हणाले, पण तोवर झड उतरली होती. ऊन पडलं, पोळा झाला, अक्का रोज कोरडी शाळेत जायला लागली, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. दिवाळीला ऑर्डर संपली, ती वाढली नाही. कारण म्हणून हजेरी दाखवली होती आणि हजेरी खरंच कमी होती. आम्ही कुणाकडं जाऊन काय सांगणार होतो? टीप गळली म्हणून? पुढं अक्काला नोकरी लागली, पण ती बऱ्याच वर्षांनी, परभणीत आणि एका कचेरीत. फळ्यासमोर ती पुन्हा उभी राहिली नाही.

दिवाळी म्हणजे शिंप्याचा हंगाम. दारात माणसांची रांग आणि अप्पांचा हात मात्र चालेना. ते शर्टाची बाही जोडायचे, दोन्ही हातांनी ताणून बघायचे, उजेडाकडं धरायचे आणि उसवायचे. सुती कपड्याच्या टिपेतून उजेड आला तर कुणाचं काय बिघडतं? पण ते उसवायचे. गिऱ्हाईक ओरडायचं, ‘‘अप्पा, दिवाळी ह्या साली हाय का पुढल्या?’’ अप्पा म्हणायचे, ‘‘देतो, देतो.’’ राधाबाईंच्या मुलाची पैरण त्यांनी तीनदा उसवली. मायनं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘कमल, ह्येंला काय झालं गं?’’

मला वाटत होतं अक्का कधीतरी भांडेल. चाचांच्या दुकानात घातलेला तो कोट, ती बटणं, ‘चालंल मला’ हे शब्द, सगळं एकदा बाहेर काढेल. मी त्याची वाटच बघत होते. शेवटचा पगार घेऊन आली त्या दिवशी ती सरळ मशीनपाशी गेली आणि दहाच्या दोन नोटा फळीवर ठेवल्या.

‘‘काय हे?’’ अप्पा म्हणाले.

‘‘शिलाई.’’

‘‘कशाची?’’

‘‘बरसातीची. द्यायची राहिली होती.’’

‘‘सुमन, पोरीकडून शिलाई घेतेत व्हय?’’

‘‘गिऱ्हाइकाकडून घेता तशी घ्या,’’ अक्का म्हणाली. ‘‘तुमी शिवली, मी घातली.’’

ती समजूत होती की टोमणा, हे मी आज या वयातही ठामपणानं सांगू शकत नाही. तिचा आवाज वर नव्हता, खाली नव्हता. वर्गात बेरीज सांगावी तसा होता. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. मागच्या खणात मायचा हात भाकरीवर थांबला होता. मग त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, ‘‘कमल, कोटाची शिलाई काय घेतो आपण?’’

‘‘अठरा, अप्पा.’’

‘‘दुहेरी टिपेची?’’

‘‘दुहेरी टिपेची.’’

त्यांनी दोन्ही नोटा उचलून गल्ल्याच्या डब्यात टाकल्या, डब्यातून दोन रुपयांची नोट काढली आणि अक्काच्या हातावर ठेवली. शिलाईचे अठरा रुपये सुमनकडून अप्पांना पोचले. पट्टीच्या टिपेचं त्यांनी काही धरलं नाही.